दफ्तरातील पूर्वज : अमेरिकेतील एका शेतकरी कुटुंबाचा मागोवा

आपले मूळ गाव कोणते, खापरपणजोबा तेथून का निघाले, हे प्रश्न घरापासून दूर राहणाऱ्या माणसाला अधिक छळतात. मराठी माणसाजवळ त्यासाठी काही ठरावीक साधने असतात. कोणी कुलवृत्तांत चाळतो, कोणी त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये आजोबांची सही शोधतो, कोणी तालुक्याच्या कचेरीत जुने फेरफार काढतो. या सर्वांमागे एक गृहीत असते, ते असे की कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या एका गावाला धरून होते.

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण अमेरिकेत हे गृहीत लागू पडत नाही. तेथील शेतकरी चार-पाच वर्षांनी बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिमेकडे निघे. गाव त्याच्या आधी नसे आणि पुष्कळदा त्याच्यानंतरही उरत नसे. अशा माणसाचा माग काढायचा झाला, तर तो कोठे सापडतो? उत्तर असे, की तो शासनाच्या दफ्तरात सापडतो. तो कोणी मोठा होता म्हणून नव्हे. जमीन मागताना, कर भरताना, मदत घेताना त्याचा शासनाशी संबंध आला म्हणून. हे कसे घडते, ते एका सर्वपरिचित कुटुंबाच्या उदाहरणावरून पाहू.

चार्ल्स इंगल्स

लॉरा इंगल्स वाइल्डर (१८६७-१९५७) यांची बालपणावर आधारित कादंबरीमाला १९३२ पासून प्रसिद्ध होऊ लागली. पुढे १९७४ ते १९८३ या काळात अमेरिकेत तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिकाही गाजली. कष्टाळू, हसतमुख, सारंगी वाजवणारे आणि कोणाचे मिंधे न होणारे वडील हे या कथांचे केंद्र. ते वडील म्हणजे चार्ल्स इंगल्स. जन्म १८३६, न्यूयॉर्क राज्यात. मृत्यू १९०२, साउथ डाकोटातील डी स्मेट या गावी. ते ना सेनापती होते, ना राजकारणी. त्यांच्यासारखे लाखो शेतकरी त्या देशात होते. मुलीने पुस्तके लिहिली म्हणून संशोधकांनी त्यांची कागदपत्रे शोधली आणि एका सामान्य शेतकऱ्याचे दफ्तर किती बोलके असते, ते जगाला कळले. ते कादंबरीपेक्षा वेगळे बोलते, म्हणून ते अधिक मोलाचे.

खानेसुमारीचे रकाने

अमेरिकेत दर दहा वर्षांनी खानेसुमारी घेण्याची तरतूद राज्यघटनेतच आहे; पहिली १७९० साली झाली. परंतु १८४० पर्यंत तीत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असे. बाकीचे सारे वयोगटांच्या रकान्यांतील आकडे. १८५० साली प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय, व्यवसाय आणि जन्मस्थान लिहिण्यास सुरुवात झाली. १८८० साली त्यात आणखी भर पडली. कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान हे दोन नवे रकाने आले. वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने १८५० आणि १८८० हे दोन टप्पे फार महत्त्वाचे होत.

जन्मस्थानाचा रकाना वरकरणी निरुपद्रवी वाटतो. इंगल्स कुटुंबाच्या बाबतीत मात्र तो नकाशाचे काम करतो. थोरल्या दोघी, मेरी आणि लॉरा, विस्कॉन्सिनमध्ये जन्मल्या. कॅरी १८७० साली कॅन्ससमध्ये आणि धाकटी ग्रेस १८७७ साली आयोवात. नुसती मुलींची जन्मस्थाने ओळीने मांडली, तरी गाडीचा मार्ग दिसू लागतो.

आता आयोवाकडे पाहा. लॉराबाईंच्या कादंबरीमालेत आयोवातील वास्तव्य नाहीच. मिनेसोटातून कुटुंब थेट डाकोटात जाते. वस्तुतः १८७६ साली पिके बुडाल्यावर ते आयोवातील बर ओक या गावी गेले होते. त्याच प्रवासात नऊ महिन्यांचा एकुलता मुलगा दगावला. बर ओकमध्ये आईवडील एका हॉटेलात राबत होते आणि अखेरीस भाडे थकल्याने कुटुंबाने रात्रीतून गाव सोडले. लॉराबाईंनी कादंबऱ्यांपूर्वी लिहिलेल्या आत्मकथनात हे सारे आहे. ते टिपांसह २०१४ साली प्रसिद्ध झाले. बालवाङ्‌मयातून हा दुःखाचा काळ गाळण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण ज्याच्याजवळ केवळ कादंबऱ्या असत्या, त्याला आयोवाचा पत्ता लागला नसता. ग्रेसच्या नावापुढील एका शब्दात तो लागतो. घरच्या आठवणी जे गाळतात, ते कधी कधी सरकारी रकान्यात शिल्लक राहते.

जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर मात्र तेथे विसंबता येत नाही. आपल्याला वाटते त्यापेक्षा ही नोंदणी बरीच उशिरा आली. राज्यव्यापी नोंदणी साउथ डाकोटात १९०५ साली सुरू झाली, तर कॅन्ससमध्ये १९११ साली. म्हणजे कॅरीचा जन्म आणि चार्ल्स यांचा मृत्यू, दोन्ही राज्यव्यापी नोंदणीच्या आधीचे. बायबलच्या कोऱ्या पानांवर घरच्यांनी केलेल्या नोंदी, थडग्यावरचे दगड, स्थानिक वृत्तपत्रे आणि खानेसुमारी यांवरच भागवावे लागते.

जमिनीचा गटक्रमांक

दुसरे मोठे साधन म्हणजे जमिनीचे कागद. १७८५ च्या जमीनविषयक अध्यादेशाने नव्या प्रदेशाची चौकोनी मोजणी ठरवून दिली. सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशी टाऊनशिप. तिचे एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ सेक्शन. आणि सेक्शनचा चौथा भाग म्हणजे १६० एकर. मोजणी आधी आणि वसाहत नंतर, असा क्रम अभिप्रेत होता. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने असा १६० एकरांचा तुकडा कोणाही कुटुंबप्रमुखास किंवा २१ वर्षांवरील व्यक्तीस जवळजवळ फुकट देऊ केला. अट अशी, की पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी. फीपोटी सारे मिळून सुमारे १८ डॉलर लागत. अविवाहित स्त्रियांनाही हा हक्क होता. लॉराबाईंची नणंद एलायझा जेन वाइल्डर हिने स्वतःच्या नावे डी स्मेटजवळ जमीन घेतली होती आणि आपल्या अडचणी सांगणारे तिचे लांबलचक पत्र तिच्या प्रकरणात आजही लावलेले आहे.

पाच वर्षांनंतर कबजा सिद्ध करावा लागे. अर्जदाराचा जबाब, दोन साक्षीदारांचे जबाब, वृत्तपत्रातील जाहीर सूचना, फीच्या पावत्या आणि शेवटी सनद. घर किती लांबरुंद, खिडक्या किती, विहीर खणली का, किती एकर नांगरले, घरात माणसे किती, मध्यंतरी गैरहजर कधी आणि का, हे सारे प्रश्न विचारले जात. अर्जदार परदेशातून आलेला असेल, तर नागरिकत्वाचे कागद त्याच फाइलला जोडलेले असत. हजारो नॉर्वेजियन, जर्मन, स्वीडिश कुटुंबांच्या वंशजांना पूर्वजांचा पहिला ठोस कागद येथेच मिळतो. ही प्रकरणे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तर सनदांच्या प्रती केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या पाहता येतात.

चार्ल्स यांनी फेब्रुवारी १८८० मध्ये ब्रुकिंग्ज येथील जमीन कचेरीत अर्ज केला. जमीन डी स्मेटजवळ, टाऊनशिप ११०, रेंज ५६, सेक्शन ३ चा ईशान्य चतुर्थांश. कबजा १८८६ साली सिद्ध झाला. क्षेत्र मात्र १६० एकर नाही. ते सुमारे १५४ एकर आहे. कारण मोजणीच्या पद्धतीत दडले आहे. पृथ्वी गोल आणि चौकट चौकोनी, त्यात साखळीच्या मोजणीतल्या चुका. ही सारी तूट टाऊनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या तुकड्यांत टाकण्याचा नियम होता. सेक्शन ३ नेमके उत्तर कडेला येते. देशाच्या मोजणीतील चूक एका शेतकऱ्याच्या वाट्याला पाच-सहा एकरांनी आली, असे म्हणता येईल.

कॅन्सस : जमीन कोणाची होती?

१८६९ च्या शरद ऋतूत हे कुटुंब कॅन्ससच्या माँटगोमेरी काऊंटीत येऊन राहिले. मालेतील सर्वांत प्रसिद्ध पुस्तक याच मुक्कामाचे. त्यात घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर असल्याचे सांगितले आहे. प्रत्यक्षात लॉराबाई तेव्हा अडीच-तीन वर्षांच्या होत्या. पुढे पुस्तक लिहिताना त्यांनी व कन्या रोझ हिने शेजारच्या ओक्लाहोमात जाऊन जागेचा शोध घेतला, पण ती सापडली नाही. अखेर १९६० च्या दशकात एका स्थानिक संशोधिकेने ती शोधली. पद्धत साधी होती. १८७० च्या खानेसुमारीत रटलँड टाऊनशिपमध्ये इंगल्स कुटुंबाचे नाव आहे. प्रगणक घरोघर क्रमाने जातो, म्हणून यादीत वर-खाली असलेली नावे शेजाऱ्यांची असतात. त्या शेजाऱ्यांनी पुढे जमिनी विकत घेतल्या. त्यांचे गटक्रमांक काऊंटीच्या दफ्तरात होते. ते नकाशावर मांडत गेल्यावर मधली रिकामी जागा हाती आली. ती इंडिपेंडन्सपासून चाळीस नव्हे, सुमारे तेरा मैलांवर आहे. पूर्वजाचा कागद नसेल तर शेजाऱ्याचा शोधावा, हा या शोधातला धडा कोणत्याही देशात उपयोगी पडेल.

चार्ल्स यांचा जमिनीचा कागद तेथे नव्हता, याचे कारण अधिक गंभीर आहे. त्या टाऊनशिपच्या प्रगणकाने स्थावर मालमत्तेच्या मूल्याचा रकाना रिकामा सोडला आणि खुलासा लिहिला, की ही जमीन ओसेज लोकांची आहे, वसाहतवाल्यांना तिच्यावर हक्क नाही. एका कनिष्ठ कर्मचाऱ्याची ही टीप मला फार महत्त्वाची वाटते. सारा प्रदेश अतिक्रमणाने भरत असताना त्याने कागदावर खरे ते लिहून ठेवले.

पुस्तकाच्या शेवटी सैन्य आपल्याला हुसकून लावणार या वार्तेने कुटुंब निघून जाते. कागद वेगळे सांगतात. जुलै १८७० मध्ये काँग्रेसने कायदा केला आणि सप्टेंबरात ओसेज प्रमुखांनी त्याला संमती दिली. त्यान्वये ही जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलर दराने मिळणार होती. म्हणजे घालवले गेले ते ओसेज. अतिक्रमण कायदेशीर झाले. इंगल्स कुटुंब १८७१ साली परतले, कारण विस्कॉन्सिनचे घर ज्याला विकले होते, तो हप्ते भरू शकला नाही आणि ते घर परत त्यांच्याकडे आले. अन्याय आपल्यावर झाला, अशी घरातली आठवण प्रामाणिक असेलही. पण ज्यांच्यावर तो प्रत्यक्षात झाला, ते त्या आठवणीत पार्श्वभूमीला उभे आहेत.

या लोकांची वंशावळ शोधणे किती अवघड आहे, तेही लक्षात घ्यावे. कर न भरणारे मूळ निवासी राज्यघटनेनुसारच सामान्य गणनेच्या बाहेर होते. हक्क नसलेल्या जमिनीवर बसलेल्या माणसाचे नाव १८७० च्या पटावर आहे; ती जमीन ज्यांची होती त्यांची नावे त्या पटावर नाहीत. ओसेज वंशजांना १९०६ च्या जमीनवाटप कायद्याखाली तयार झालेली २,२२९ नावांची यादी आणि १८८५ नंतरच्या एजन्सीच्या याद्या यांवर अवलंबून राहावे लागते.

याच रटलँड टाऊनशिपच्या यादीत डॉ. जॉर्ज टॅन हे कृष्णवर्णीय वैद्य आहेत. मलेरियाने सारे घर अंथरुणाला खिळले असता त्यांनी इंगल्स कुटुंबाला औषध दिले. ते पेनसिल्व्हेनियात जन्मलेले. दक्षिणेत गुलामीत जन्मलेल्यांची गोष्ट वेगळी होती. १८५० आणि १८६० च्या स्वतंत्र पटांवर त्यांची नावेच नाहीत. मालकाच्या नावाखाली केवळ वय, लिंग आणि वर्ण. बहुतेकांचे नाव प्रथम १८७० साली लिहिले गेले. आफ्रिकी-अमेरिकी कुटुंबांचा शोध त्या वर्षापाशी येऊन भिंतीवर आदळतो, तो यामुळे.

स्वावलंबन आणि पिठाचे पिंप

१८७३ ते १८७७ या काळात टोळधाडीने मिनेसोटातील शेती उद्ध्वस्त केली. राज्याने मदत देऊ केली, पण आपण पूर्णतः निष्कांचन आहोत असे लिहून द्यावे लागे. नोव्हेंबर १८७५ मध्ये चार्ल्स यांनी तसे लिहून दिले आणि पिठाची दोन अर्धी पिंपे घेतली. त्याच महिन्यात त्यांच्या घरी मुलगा जन्मला होता. हा कागद शिल्लक आहे. कादंबरीत हा प्रसंग नाही.

पुढे १८७९ साली मेरीची दृष्टी गेली. ती १८८१ साली आयोवातील विंटनच्या अंधशाळेत दाखल झाली. कादंबरीत धाकटी बहीण पैसे मिळवून तिच्या शिक्षणाला हातभार लावते आणि तसे घडलेही. पण मूळ शुल्क भरले ते डाकोटा प्रांताने, कारण प्रांतात स्वतःची अंधशाळा नव्हती.

या कथांचा उपयोग अमेरिकेत पुष्कळदा ‘शासनाविना स्वबळावर उभा राहिलेला शेतकरी’ या प्रतिमेसाठी झाला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता हिशेब निराळा दिसतो. जमीन शासनाने मोजली, मूळ निवाश्यांकडून काढून घेतली आणि वाटली. होमस्टेड कायद्याखाली सुमारे १६ लाख सनदा व २७ कोटी एकर, म्हणजे देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा, लोकांच्या हाती गेला. दुष्काळात पीठ दिले, अंध मुलीला शिक्षण दिले. पुढे मिसुरीत स्वतः लॉराबाई केंद्रीय शेतीकर्ज देणाऱ्या स्थानिक संस्थेच्या सचिव-कोषाध्यक्ष म्हणून सुमारे दहा वर्षे काम करीत होत्या. याने इंगल्स कुटुंबाचे कष्ट कमी ठरत नाहीत. पाच वर्षे मातीच्या ढेकळांवर आणि बर्फात तग धरणे सोपे नव्हते. कित्येकांना सनद मिळाली नाही. पण कष्ट आणि शासन हे एकमेकांचे पर्याय नव्हते, ही गोष्ट कागद सांगतात.

जळालेले दशक

या दफ्तरात एक मोठे भगदाड आहे. १८९० च्या खानेसुमारीचे पट जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनच्या वाणिज्य विभागाच्या इमारतीत लागलेल्या आगीत सापडले. काही जळाले, बरेचसे पाण्याने भिजले. वाचवता आले असते ते वर्षानुवर्षे पडून राहिले आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये काँग्रेसने ‘निरुपयोगी कागद’ म्हणून नष्ट करण्यास मंजुरी दिली. त्याच्या आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला बसवली होती. सुमारे सव्वासहा कोटी लोकांपैकी सहा हजारांच्या आसपास नावे उरली. स्थलांतराच्या ऐन वीस वर्षांतला, १८८० ते १९०० मधला, दुवा तुटला. इंगल्स कुटुंबाबाबत तो १८८५ च्या डाकोटा प्रांताच्या गणनेने व जमिनीच्या कागदांनी थोडाफार सांधता येतो. मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला तोही आधार नाही. कागद नष्ट होतात तेव्हा गरिबांचा इतिहास आधी जातो, कारण त्याची दुसरी प्रत कोठे नसते.

जे उरले, ते अमेरिकेने लोकांना खुले केले. खानेसुमारीचा मूळ पट ७२ वर्षांनी जाहीर होतो. १९५० चा पट १ एप्रिल २०२२ रोजी खुला झाला. आपल्याकडे १८८१ पासून खानेसुमारीची परंपरा आहे. पण १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार वैयक्तिक नोंदी कोणासही पाहता येत नाहीत आणि त्याला कालमर्यादा नाही. माहिती देणाऱ्याचा विश्वास टिकावा हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु शंभर वर्षांनंतर तो हेतू कोणाचे रक्षण करतो, याचा विचार व्हावा. आपला कुटुंबेतिहास म्हणूनच खानेसुमारीत न सापडता कोतवाल-बुकांत, फेरफारांत, मोडी रुमालांत आणि तीर्थक्षेत्रीच्या वह्यांत सापडतो. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे सूक्ष्मपट १९७७ पासून काढले, ते अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्र संस्थेने, ही गोष्ट आपल्या अभिलेखनीतीबद्दल पुरेसे सांगून जाते. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींसाठी जुनी दफ्तरे उघडली गेली, तेव्हा पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द आजच्या माणसाच्या हक्काशी कसा जोडलेला असतो, ते सर्वांनी पाहिले.

चार्ल्स आणि कॅरोलिन इंगल्स यांच्या चार मुलींपैकी केवळ लॉराबाईंचे अपत्य प्रौढ वयापर्यंत जगले. ती रोझही १९६८ साली निःसंतान वारली. आज त्यांचा थेट वंशज कोणी नाही. तरीही त्यांचा अर्ज, जबाब, पिठाची पावती आणि शेजाऱ्यांची नावे अभ्यासली जातात. रकाना रिकामा सोडून त्याखाली कारण लिहिणाऱ्या त्या प्रगणकाला आपली टीप शतकभराने कोणी वाचील असे वाटले नसेल. तहसील कार्यालयात आज नोंद घेणाऱ्या लिपिकालाही तसे वाटत नाही. नोंद स्वच्छ अक्षरात करावी, खरी करावी आणि ‘निरुपयोगी’ असा शेरा मारण्यापूर्वी दोनदा विचार करावा, एवढी अपेक्षा त्याच्याकडून आणि त्याच्या वरिष्ठांकडून ठेवायला हरकत नाही.